त्यात आपण काय करायचं?

मागच्या मे महिन्यातला एक रविवार. आमच्या ओट्यावर मुंबईचे दोन पाहुणे बसले होते. पोयनाडच्या आसपासच्या गावांत मुंबईची गाडी थांबली की ती जमीन बघायला आलेली असणार, हे आता लहान पोरालाही कळतं. २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो सुरू झाली, २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, आणि पूर्वी किहीम-आवासला थांबणारे खरेदीदार वडखळ रस्त्याने आमच्या खारेपाटापर्यंत पोचले.

पण या दोघांना जमीन नको होती. नवरा-बायको दोघंही चित्रकार, दोघंही जेजेचे, राहायला गिरगाव. त्यांना आजोबांच्या भातगिरणीची शेड भाड्याने हवी होती. गिरणी मी शाळेत असतानाच बंद पडली. मशीन भंगारात गेलं, पत्र्याची शेड तेवढी राहिली. आत जुनं बारदान, एक मोडकी मोटारसायकल आणि वटवाघळं. बाई शेडमध्ये फिरून आल्या, वर बघितलं आणि म्हणाल्या, "काय उजेड येतो हो इथे!" गेली कित्येक वर्षं आम्ही त्याला 'पत्रा फुटलाय' म्हणत होतो.

त्यांना तिथे 'कम्युनिटी आर्ट सेंटर' करायचं होतं. बाहेरचे कलाकार येऊन राहतील, काम करतील, प्रदर्शनं होतील, गावातल्या मुलांसाठी वर्कशॉप होतील. मी सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, आठवडाभर ऐरोलीत असतो आणि शनिवार-रविवार गावी येतो. माझ्या फीडमध्ये असल्या जागांचे फोटो रोज येतात, त्यामुळे मी ताबडतोब हरखलो. आपल्या गावात! आपल्या गिरणीत! बाबा भाड्याचा आकडा ऐकायला थांबले होते. आजी खांबाला टेकून भाजी निवडत होती. तिला काय चाललंय ते मीच समजावून सांगितलं. चित्रं लावणार, लोक येणार, सगळ्यांसाठी उघडं असणार.

आजीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग त्यान आपून काय कराचा?"

मी म्हटलं, "बघायचं."

"बघाला टीव्ही हाय," ती म्हणाली आणि पुन्हा भाजीकडे वळली.

सगळे हसले. मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये, मला ते हसू टोचायला लागलं. कारण तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एखादी जागा 'समाजाची' आहे असं आपण म्हणतो, तेव्हा नक्की काय म्हणत असतो? दार उघडं आहे एवढंच? की आणखी काही?

हा प्रश्न मला माझ्या धंद्यातून आधी ओळखीचा होता. तुमच्या हातातल्या फोनमध्ये आत्ता या क्षणी 'एसक्यूलाइट' नावाचा छोटा डेटाबेस चालू आहे. तुमचे मेसेज, कॉन्टॅक्ट, ब्राउझरची हिस्ट्री, यातलं बरंच काही त्यात साठवलेलं असतं. त्याचा सगळा सोर्स कोड सार्वजनिक आहे. कोणीही वाचावा, वापरावा, विकावा, परवानगी लागत नाही. पण तुम्ही त्यात एक सुधारणा करून पाठवलीत, तर ती सहसा घेतली जात नाही. मोजके लोक तो लिहितात, आणि ते स्वतःच उघड सांगतात की आमचं काम ओपन-सोर्स आहे, ओपन-कॉन्ट्रिब्युशन नाही. याउलट लिनक्ससारखे प्रकल्प आहेत. तिथे अनोळखी माणसाचा बदलही तपासला जातो, त्यावर भांडणं होतात आणि पटला तर आत जातो.

एसक्यूलाइट वाईट आहे का? अजिबात नाही. जगातल्या सर्वांत भरवशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचं नाव येतं. पण ते स्वतःला 'कम्युनिटीचं' म्हणवत नाहीत. वाचायची मुभा आणि बदलायचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ते लपवत नाहीत. माझी अडचण इथूनच सुरू झाली. आमच्या शेडवर 'कम्युनिटी' ही पाटी लागली, तर ती कोणत्या अर्थाने लागणार होती?

मुंबईतून काहीतरी उचलून आमच्या किनाऱ्यावर आणायची रीत जुनी आहे. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली उभी राहिली, ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून अलिबागेत लोखंड टाळून इमारत बांधली, दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि मग काम इकडे हलवलं. इथली शांतता मुंबईच्या उपयोगी पडली. त्या वेधशाळेत काय मोजतात, हे मात्र माझ्या वर्गातल्या कोणालाही सांगता आलं नसतं. मलाही नाही.

कलेचंही असंच झालं. मुंबईत १९९७ साली सुरू झालेली 'द गिल्ड' ही गॅलरी पुढे अलिबाग तालुक्यात रांजणपाड्याला आली. त्याआधी चोंढीजवळ बामणसुऱ्याला डिझायनर पिनाकिन पटेल यांनी दशरथ पटेल यांच्या कामाचं संग्रहालय उभं केलं होतं. दशरथ पटेल हे नाव मी दोन वर्षांपूर्वीपर्यंत ऐकलं नव्हतं. १९२७ साली गुजरातेत जन्मलेला हा माणूस मद्रासला आणि पॅरिसला चित्रकला शिकला. १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, तिच्या उभारणीतला तो बिनीचा माणूस. चित्रं, मातीकाम, फोटो, कोलाज, प्रदर्शनांची मांडणी, सगळ्यात त्याचा हात. संस्था सोडल्यावर तो वाराणसीजवळ सेवापुरीला गेला आणि तिथे ग्रामीण कारागिरांबरोबर डिझाइनची शाळा चालवली. १९८१ मध्ये पद्मश्री, २०१० मध्ये निधन, २०११ मध्ये मरणोत्तर पद्मभूषण. चित्रं विकण्यामागे तो फारसा लागला नाही, म्हणून तर एवढं काम एका जागी राहू शकलं.

या माणसाच्या तरुणपणाशी मुंबईतली एक जागा जोडलेली आहे, आणि आपल्याकडच्या कलाकेंद्रांचा इतिहास तिच्याशिवाय सांगता येत नाही. वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई मेमोरियल इन्स्टिट्यूट. बॅरिस्टर भुलाभाई देसाई १९४६ साली वारले. पुढे त्यांच्या समुद्राकाठच्या बंगल्यात सोली बाटलीवाला यांनी कलाकारांना नाममात्र भाड्यात खोल्या दिल्या. पन्नास-साठच्या दशकात गायतोंडे तिथे चित्रं काढत, हुसेन काढत, दशरथ पटेल काम करत. रविशंकरांची संगीतशाळा तिथे, अल्काझींचं थिएटर युनिट तिथे, विजया मेहतांचं 'रंगायन'ही तिथेच वाढलं. एका खोलीतून सतार, दुसऱ्या खोलीतून संवाद, तिसऱ्या खोलीतून टर्पेंटाइनचा वास. कोणी कोणाला विचारून काम करत नसे. पुढे बंगला पडला, तिथे उंच इमारत आली.

भुलाभाईबद्दल वाचताना मला हेवा वाटला, आणि एक गोष्ट लक्षात आली. ती जागा कोणी 'समाजाची' म्हणून काढली नव्हती. ती एका घराची होती आणि कलाकारांसाठी होती. वॉर्डन रोडवरच्या धोब्याने, कोळणीने तिथे काय करायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही आणि त्याचं कोणाला वाईटही वाटलं नाही. कारण तसं आश्वासनच दिलेलं नव्हतं.

आता माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. गेल्या वर्षी आईला घेऊन एका गॅलरीत गेलो होतो. कोणती ते सोडून द्या. दारावरच्या माणसाने आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कोणाकडे काम आहे?" आई म्हणाली, "काम नाय, बघाला आलोय." त्याने सोडलं. फुकट होतं, उघडं होतं, कोणी अपमान केला नाही. आत एका भिंतीवर शंभरेक सुपं टांगली होती. श्रम, अन्न, स्त्रीचं आयुष्य, असं काहीतरी बाजूच्या पाटीवर इंग्रजीत लिहिलं होतं. ते मी आईला मराठीत सांगितलं. तिने मान डोलावली आणि सुपांजवळ जाऊन काठ बघायला लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "यांतली बरीच एकाच हातची आहेत. बघ, कड कशी बांधलेय. चांगला बुरूड आहे. कोण आहे?"

पाटीवर कलाकाराचं नाव होतं, साल होतं, साहित्याच्या रकान्यात 'बांबू' होतं. बुरुडाचं नाव नव्हतं. दारापाशी अभिप्रायाची वही होती. आईने चष्मा लावून मराठीत लिहिलं, "सुपे छान विणली आहेत. कोणी विणली ते लिहावे." खाली सही केली, गावाचं नाव घातलं. मी महिन्याभराने एकटाच परत गेलो. प्रदर्शन बदललं होतं आणि वहीही नवी होती.

मला त्या कलाकारावर राग काढायचा नाही. सुपं एकत्र टांगल्यावर खरंच काहीतरी वेगळं दिसत होतं. माझं म्हणणं एवढंच, की त्या खोलीत त्या दिवशी त्या वस्तूंबद्दल बरंच काही जाणणारी बाई हजर होती आणि तिचं जाणणं ठेवायला त्या व्यवस्थेत वहीच्या एका पानापलीकडे जागा नव्हती.

इथे तुम्ही म्हणाल, मग गावातल्याच कला बघाव्यात की! हमरापूरला माझ्या मामाचा गणपतींचा कारखाना आहे. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यात अशा कारखान्यांची रांग लागलेली आहे, आणि इथले गणपती देशात-परदेशात जातात. एक विसर्जन झालं की पुढच्या वर्षाचं काम सुरू. साचे, जोडकाम, पॉलिश पेपर, रंग, आणि सगळ्यात शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा माणूस वेगळा असतो. तो श्वास धरून ब्रश फिरवतो आणि मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. कुठल्याही मूर्तीवर त्याची सही नसते. काही दिवसांत ती पाण्यात जाते. संग्रहालय म्हणजे जपून ठेवणं, असं मानलं तर पेणचा गणपती त्याच्या बरोबर उलट आहे. आणि तरी अख्खा तालुका त्याच्याभोवती जगतो. याहून 'समाजाची' कला कुठली?

मीही असंच लिहून टाकणार होतो. पण मी शाळेच्या सुट्टीत मामाकडे काम केलंय. पॉलिश पेपर मारणाऱ्या बायकांना नगावर पैसे मिळतात. मूर्ती कशी असावी हे त्या ठरवत नाहीत, मामाही ठरवत नाही. गिऱ्हाईक फोनवर फोटो पाठवतं, 'असाच पाहिजे' म्हणून. शाडू की पीओपी हा वाद कोर्टात गेला, नियम बदलले, परत बदलले, आणि त्या सगळ्यात पॉलिश पेपरवाल्या बाईला कोणी विचारलं नाही. मामाला एकदा गंमत म्हणून सोंड नसलेला, नुसत्या डोळ्यांवरून ओळखू येईल असा गणपती करायचा होता. केला. विकला गेला नाही. "भाचे, इथे डोकं चालवायचं काम गिऱ्हाइकाचं, हात चालवायचं आपलं," तो म्हणाला. मूर्ती माळ्यावर अजून आहे. म्हणजे कला गावात आहे एवढ्याने ती गावाच्या हातात असते असं नाही. बाहेरून आलेली ती परकी आणि आतली ती आपली, ही वाटणी फसवी आहे.

मग हक्क येतो कशातून? आमच्या भागाने या प्रश्नाचं एक उत्तर दिलेलं आहे, तेही नव्वद वर्षांपूर्वी. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरी गावात शेतकऱ्यांची सभा झाली आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, खोतांची जमीन कसायचीच नाही. पंचवीस गावं संपात उतरली. एक-दोन हंगाम नाही, १९३९ पर्यंत. भाताचा पट्टा, आणि लोक लाकडं तोडून, खाडीतली मासळी धरून जगले. डॉ. आंबेडकरांनी चरीला येऊन पाठिंबा दिला, १९३७ साली खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 'कृषीवल' हे आमचं वर्तमानपत्र त्याच काळात, त्याच चळवळीतून निघालं. पुढे कूळ कायदा झाला, १ एप्रिल १९५७ ला जमीन कसणारं कूळ तिचा मालक मानलं गेलं. आमच्या घरातल्या जुन्या ट्रंकेत '३२ ग'चे कागद अजून आहेत. पणजोबा संपात होते, असं घरात सांगतात. ज्या जमिनीवर पुढे गिरणी उभी राहिली, ती अशी आमची झाली.

कसेल त्याची जमीन. यामागचा विचार साधा आहे. हक्क कागदातून येत नाही, राबण्यातून येतो. मग तोच नियम कलाकेंद्राला लावला तर?

लगेच आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. चित्र म्हणजे शेत नव्हे. गायतोंड्यांनी कॅनव्हासवर कुठला रंग लावायचा हे वॉर्डन रोडच्या रहिवाशांच्या मताने ठरलं असतं, तर गायतोंडे झालेच नसते. आमच्या गावाने मतदान करून कला निवडली तर काय येईल हे मला नक्की माहीत आहे. नाक्यावर जा, फ्लेक्स बघा. भुलाभाईत कोणी कोणाला विचारत नव्हतं, म्हणून तर तिथे काही घडलं. बहुमताला अनेकदा नवीन गोष्ट आवडत नाही. मामाचा सोंड नसलेला गणपती बहुमतानेच माळ्यावर गेला.

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि बरेच दिवस मी त्याच्यापाशीच अडकलो होतो. वाट दिसली ती जपानमधल्या एका गोष्टीमुळे. निईगाता प्रांतात एचिगो-त्सुमारी नावाचा डोंगराळ, भरपूर बर्फाचा, भातशेतीचा भाग आहे. तरुण शहरात गेले, गावं ओस पडली. तिथे २००० सालापासून दर तीन वर्षांनी मोठा कला महोत्सव भरतो, शेतांत, रिकाम्या घरांत, बंद शाळांत. पहिल्या वर्षी इल्या आणि एमिलिया काबाकोव्ह या कलाकार जोडप्याला डोंगरउतारावरच्या भातखाचरांत शेतकऱ्यांच्या रंगीत आकृत्या उभ्या करायच्या होत्या. खाचरं ज्याची होती तो शेतकरी म्हणाला, नाही. त्याचा शेती सोडायचा विचार चालला होता. कलाकारांना थांबावं लागलं. त्यांनी आपली कल्पना त्याच्यापुढे मांडली, भातशेतीचं कष्टाचं वर्ष त्यांना कसं दिसतं ते दाखवलं. शेवटी तो हो म्हणाला, आणि त्याने आणखी काही वर्षं ती शेती चालू ठेवली.

या गोष्टीत आकृत्या कुठल्या रंगाच्या हे शेतकऱ्याने ठरवलं नाही. तो काबाकोव्हचा प्रांत. पण जागा त्याची होती आणि त्याचा नकार खरा होता. 'नाही' म्हटल्यावर काम थांबत होतं, म्हणून त्याच्या 'हो'ला किंमत आली. माझ्या डोक्यात दोन गोष्टींची गल्लत होत होती. चित्रावरचा हक्क आणि जागेवरचा हक्क. चित्र कलाकाराचंच राहू दे. त्यात गावाने बोट घालू नये. पण जागा 'समाजाची' म्हणवायची असेल, तर ती कधी उघडायची, चावी कोणाकडे, पाटीवर कोणाची नावं, कोणती भाषा, आत आणखी काय काय चालेल, आणि कशाला 'नको' म्हणता येईल, यात समाजाचा हात हवा. तो नसेल तर खुशाल 'माझी गॅलरी आहे, बघायला या' म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही. एसक्यूलाइटवाले तेच करतात. 'कम्युनिटी' हा शब्द म्हणजे दिलेला शब्द आहे, आणि आजीचा प्रश्न त्या शब्दाची वसुली करत होता.

पण वसुली दोन्ही बाजूंनी होते. पनवेलला इंजिनिअरिंग करताना मी प्रत्येक सुट्टीत मित्रांबरोबर बाइकने किहीमला जायचो. चोंढी नाक्यावर वडापाव खायचो. तिथून हाकेच्या अंतरावर दशरथ पटेलांचं आयुष्यभराचं काम होतं. चार वर्षांत एकदाही गेलो नाही. मला कोणी अडवलं नव्हतं. आपलं नसणार, असं मी आधीच ठरवून टाकलं होतं. कसेल त्याची जमीन हे खरं असेल, तर न कसणाऱ्याची ती नाही हेही खरं आहे. बघणं, विचारणं, न पटलं तर भांडणं, हेही कसणंच आहे. आईने वहीत दोन ओळी लिहिल्या तेवढी मशागत तिने केली. मी तीही केली नव्हती.

आणखी एक गोष्ट, जी मला ट्रंकेतले कागद बघताना उशिरा दिसली. त्या '३२ ग'च्या कागदांवर पणजोबांचं नाव आहे. पणजीचं नाही. गिरणीच्या परवान्यावर आजोबांचं नाव आहे. पण गिरणीत तांदूळ पाखडायला, कोंडा भरायला, गिऱ्हाइकाच्या गोणी ओळखीने लावून ठेवायला तीस वर्षं आजी उभी होती. सातबाऱ्यावर तिचं नाव लागलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून. एवढ्या मोठ्या लढ्याने मिळवलेला न्यायसुद्धा कागदावर ज्याचं नाव त्यालाच मिळाला. सुपांच्या भिंतीवर जे झालं, ते आमच्या घरात आधीच झालेलं होतं. मी गॅलरीवर बोट दाखवत होतो तेव्हा हे मला दिसलं नव्हतं.

म्हणून पुढच्या रविवारी मी आजीला उलटा प्रश्न विचारला. "आजी, शेडमध्ये तुला काय करायचंय?"

तिला विचार करावा लागला नाही. उन्हाळ्यात अवकाळी आला की वाळवण आत घ्यायला जागा पाहिजे. पापड, मिरच्या, सुकट. भाताच्या गोणी दिवाळीनंतर महिनाभर ठेवायला पाहिजेत. आणि गणपतीआधी, ती म्हणाली, तुझा मामा शाडू देत असेल तर शाळेतल्या पोरांना आत बसवून गणपती करू देत. "पोरा ओट्यावर बसवली त माती घरभर करतान."

अकरा महिन्यांच्या भाडेकराराचा मसुदा मीच टाइप केला. बाबांनी विरोध केला. इतक्या अटी घातल्या तर भाडं कमी येईल, आणि ते बरोबरच बोलत होते. अटी अशा : वाळवणासाठी आणि गोणींसाठी दक्षिणेकडचा कोपरा घरच्यांचा. श्रावणात पंधरा दिवस शेड शाळेच्या मुलांची. कुठल्याही कामात गावातल्या कोणी हात लावला असेल तर पाटीवर त्यांचं नाव, मराठीत. एक चावी आमच्या घरी. आणि चित्रात काय असावं यावर घरच्यांचं, गावाचं काहीही म्हणणं चालणार नाही. ही शेवटची अट मी ठळक केली. ती मला गावाविरुद्ध पाळावी लागेल हे मला माहीत आहे, आणि तेव्हा मी ऐरोलीला असेन.

चित्रकार बाईंना मसुदा पाठवला. त्यांचा संध्याकाळी फोन आला. रागावल्या नव्हत्या, पण खूश होत्या असंही नाही. त्या म्हणाल्या, "अरे, सुकटीचा वास कॅनव्हासला लागतो." मी म्हटलं, तुमच्या टर्पेंटाइनचा पापडांना लागेल. त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "ती नावांची अट चांगली आहे. ती आम्हालाच सुचायला हवी होती. बाकीचं विचार करून सांगतो."

अजून त्यांनी सांगितलेलं नाही. कदाचित त्यांना किहीमला कमी अटींची शेड मिळेल. आजीने मात्र दोन बायका लावून गिरणी धुवून काढली आहे. बारदान गेलं, मोटारसायकल बाहेर आली, वटवाघळांचं काय करायचं ते ठरत नाहीये. गेल्या शनिवारी मी गेलो तेव्हा ती आत एकटी उभी होती, वर बघत. फुटलेल्या पत्र्यातून जमिनीवर ऊन पडलं होतं.

"पत्रा बदलायचा का?" मी विचारलं.

"त्या बाईला इचार," ती म्हणाली. "तिला उजेड पायजे ना."